दिवाळीच्या खरेदीचं कार्डबिल फेडायला बसताना

कार्डाच्या बिलावर दोन तारखा असतात, बिल बनल्याची आणि पैसे भरायची. मध्ये साधारण १८-२० दिवस मिळतात. पाडव्याची ओवाळणी, भाऊबीजेची साडी, भाच्याचा टॅब, ऑफिसातल्यांसाठी सुक्यामेव्याचे डबे असं सगळं एकाच कार्डावर गेलं असेल आणि पूर्ण बिल भरणं जमणार नसेल, तर जी काही हालचाल करायची ती याच दिवसांत. तारीख उलटली की तेच पर्याय महाग होतात, काही तर उरतच नाहीत. म्हणून बिल आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बसा, आणि एकट्याने बसू नका. घरात दुसऱ्या कुणाकडे ॲड-ऑन कार्ड (तुमच्याच खात्यावरचं जोडकार्ड) असेल तर त्यालाही शेजारी घ्या. खर्च दोघांचा असला तरी बिल एकाच्या नावावर येतं, आणि ‘हे कुणी घेतलं?’ हा वाद बिल भरायच्या दिवशी नको.

सगळ्यात आधी सगळ्या कार्डांची पूर्ण स्टेटमेंट उघडा. मोबाइलवरच्या मेसेजवर भागवू नका, त्यात एकूण रक्कम आणि किमान रक्कम, म्हणजे त्या महिन्यात निदान भरावीच लागणारी रक्कम, एवढंच असतं. वहीच्या एका पानावर प्रत्येक कार्डापुढे भरायची तारीख, एकूण देणं, महिन्याचा व्याजदर आणि आधीपासून चालू असलेले हप्ते लिहा. व्याजदर शोधायला स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचावं लागतं, पण वाचा. मग एकेका नोंदीवरून बोट फिरवत जा. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर भेटवस्तूंच्या मोठ्या रकमांमध्ये भाजी, रिक्षा, वडापाव अशा ४०-५० रुपयांच्या नोंदींची रांग सापडेल, आणि तिची बेरीज बहुधा अंदाजापेक्षा जास्त निघेल. परत पाठवलेल्या वस्तूंच्या नोंदींवर वेगळ्या रंगाने खुणा करा. त्यांचे पैसे भरायच्या तारखेच्या आत जमा झाले, तर ते देय रकमेतून वजा झाले पाहिजेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वजा झालेले दिसत नसतील तर बँकेला विचारा.

आता किमान रकमेकडे या, कारण सगळी गफलत तिथेच होते. एक हिशेब मांडू. १२ ऑक्टोबरला ६०,००० रुपयांची खरेदी झाली. ५ नोव्हेंबरला बिल बनलं, भरायची तारीख २५ नोव्हेंबर. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ३,००० रुपये, आणि तुम्ही ती अगदी वेळेवर भरलीत. पुढच्या बिलावर ५७,००० बाकी दिसेल असं वाटतं. पण पूर्ण रक्कम भरली नाही की खरेदीपासून भरायच्या तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदत मागच्या तारखेपासून जाते. व्याज २५ नोव्हेंबरपासून नव्हे, १२ ऑक्टोबरपासून लागतं: ४४ दिवस ६०,००० वर आणि पुढचे १० दिवस ५७,००० वर. ते झालं साधारण ३,६९४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ६६५. डिसेंबरच्या बिलावर बाकी येते ६१,३५९. तीन हजार भरूनही देणं वाढलेलं. त्यानंतरच्या महिन्यांत किमान रकमेत व्याज आणि कर धरावेच लागतात, त्यामुळे ती भरत राहिलात तर देणं वाढत नाही. पण ते इतकं सावकाश उतरतं की पुढची दिवाळी येते. दराला वरून कायद्याचा लगाम असेल असं समजू नका. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

हे वाचून झाल्यावर लगेच फोन हातात घ्या आणि ऑटो-पे कशावर लावलंय ते बघा. कार्ड नवीन असताना घाईघाईत ‘किमान देय’ या पर्यायावर टिचकी मारलेली असते आणि मग दर महिन्याला पैसे आपोआप जातात, आपलं बिल भरलं जातंय अशा समजात माणूस राहतो. पूर्ण रकमेवर लावायचं तर त्या दिवशी खात्यात तेवढे पैसे लागतील, नाहीतर परतलेल्या आदेशाचा दंड वेगळा. या महिन्यापुरतं ते बंद करून हाताने भरणं बरं.

दुसरं काम, कार्ड बाजूला ठेवणं. यात शिस्तीचं कौतुक नाही, हिशेब आहे. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज कार्डावर घेतलेल्या चहालाही आजपासून ४२ टक्क्यांनी व्याज. तेव्हा यूपीआय ॲपमधून क्रेडिट कार्ड काढून बचत खातं जोडा. कार्डावर आपोआप जाणारं विजेचं बिल, ओटीटीची वर्गणी, मोबाइल रिचार्ज हे सगळं खात्यावर वळवा. शॉपिंग ॲपमध्ये साठवलेला कार्ड नंबर पुसून टाका.

मग पैसा कुठून आणायचा. आधी घरातलाच पैसा बघा. बोनसातलं काही उरलं असेल तर ते सरळ कार्डात जाऊ द्या. बँकेत साडेसहा-सात टक्क्यांची एफडी आणि कार्डावर ४२ टक्क्यांचं देणं, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर असतात आणि एफडीला हात लावायला जीव होत नाही. मोडवत नसेल तर तिच्यावर कर्ज घ्या, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं. पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यावरही कर्ज मिळतं, पीपीएफच्या व्याजापेक्षा एक टक्का वर. भिशीचा नंबर लागायचा असेल तर गटात बोलून या महिन्यात उचलता येतो का ते विचारा. सोनेतारण कर्जाचं नाव काढलं की घरात चेहरे पडतात. मला मात्र लॉकरमध्ये वर्षभर न हललेल्या पाटल्यांवर बँकेकडून नऊ-दहा टक्क्यांनी पैसे उचलणं आणि ४२ टक्क्यांची बाकी मिटवणं यात कमीपणा दिसत नाही. मुदत आणि व्याज भरायची पद्धत लिहून घ्या, आणि उचललेल्या पैशातला एक रुपयाही कार्डाशिवाय दुसरीकडे जाऊ देऊ नका.

यातलं काहीच नसेल तर वैयक्तिक कर्ज. ६०,००० रुपये १४ टक्क्यांनी १२ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता साधारण ५,३९० रुपयांचा आणि पूर्ण वर्षाचं व्याज ४,६५० च्या आसपास, प्रक्रिया शुल्क वेगळं. वरच्या उदाहरणात कार्डाने पहिल्याच फटक्यात जीएसटीसकट ४,३५९ घेतले होते.

बँक स्वतःच बिलाचे हप्ते पाडून द्यायला तयार असते, आणि बहुतेक ठिकाणी ही सोय भरायच्या तारखेआधीच घ्यावी लागते. फोन करण्याआधी प्रश्न कागदावर उतरवा: वर्षाचा व्याजदर किती, प्रक्रिया शुल्क किती, व्याजावर जीएसटी धरून हप्ता किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती. ‘फक्त दीड टक्का’ असं उत्तर आलं तर ते महिन्याला की वर्षाला, आणि घटत्या बाकीवर की सुरुवातीच्या मूळ रकमेवर, हे तिथल्या तिथे विचारा. दुकानात घेतलेल्या नो-कॉस्ट ईएमआयचंही (‘बिनव्याजी’ म्हणून दिलेल्या हप्त्यांचंही) तसंच. व्याजाइतकी सूट किमतीतून वजा झालेली असते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि शुल्क आपल्याच खिशातून जातं. कार्डाच्या मर्यादेतली तेवढी रक्कमही अडकून राहते, आणि दर महिन्याचा हप्ता किमान रकमेत पूर्ण धरला जातो.

हप्ता ठरवताना पुढचे तीन महिने डोळ्यांसमोर ठेवा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, म्हणजे अहेर आणि प्रवास. जानेवारीत संक्रांतीचं वाण, शाळेच्या फीचा हप्ता, कुणाचा विम्याचा. जुन्या करप्रणालीत असाल आणि गुंतवणुकीचे पुरावे ऑफिसात दिले नसतील, तर फेब्रुवारी-मार्चचा पगार टीडीएसमुळे कमी येतो. एवढं सगळं वजा करून जो आकडा उरेल त्यातूनच हप्ता जाणार आहे. नातेवाइकांना ‘यंदा अहेर साधाच’ हे आधीच सांगून टाकलेलं परवडतं.

एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोकड काढू नका, तिला पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क लागतं. आधीच काढली असेल आणि जवळ शिल्लक असेल तर उद्याच परत भरा. ‘कार्ड स्वाइप करा, दोन-तीन टक्के कापून कॅश देतो’ म्हणणारा दुकानदार प्रत्येक बाजारपेठेत असतो. त्याच्याकडे गेलात तर बिल फिटत नाही, दुसऱ्या कार्डावर जातं. पाच मिनिटांत कर्ज देणारी अनोळखी ॲप तर नकोतच.

तारीख चुकलीच तर घाबरून बसू नका. तीन दिवसांपर्यंत बँकेला उशिराचा दंड लावता येत नाही आणि थकबाकी म्हणून क्रेडिट संस्थांना (कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना) कळवताही येत नाही. त्या तीन दिवसांत निदान किमान रक्कम तरी जाऊ द्या. पुढे प्रकरण वसुलीपर्यंत गेलं तरी एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ‘इतके द्या, मिटवून टाकू’ अशी तडजोड मात्र शेवटचा उपाय म्हणूनच. क्रेडिट अहवालात खातं ‘सेटल्ड’ असं दिसतं आणि घरकर्जाच्या वेळी ते आडवं येतं.

बाकी शून्य झाल्यावर पुढचं एक बिल येऊ द्या, कारण मधल्या दिवसांचं उरलेलं व्याज त्यात येतं. ते भरलं की सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स किंवा क्रिफ हाय मार्क यांपैकी एकाचा अहवाल काढा, प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात बाकी शून्य दिसली पाहिजे. कार्ड ठेवायचं असेल तर बिलाची तारीख पगारानंतर येईल अशी बदलून मागा, ती सोय द्यावी लागते. नको असेल तर बंद करायचा अर्ज लेखी द्या. देणं काही उरलं नसेल तर बँकेने ते कामाच्या सात दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ती तुम्हाला देणं लागते.