लाकूडकामाचे राउटर आणि कॉर्डलेस ड्रिल जमवताय? या चुका टाळा

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी घरातली सगळी हत्यारं बाहेर काढतो. आजोबांचा रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि गिरमिट हे आधी. मग विजेची यंत्रं: एक मोठा प्लंज राउटर (लाकडात खाचा पाडणारं, कडांना आकार देणारं यंत्र), तीन ट्रिमर (एका हातात मावणारे लहान राउटर), चार कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवरची, ड्रिल. ठाण्यात त्याआधीचे चार महिने पावसात गेलेले असतात, त्यामुळे पाटावर मांडताना काही वर्षं दरवेळी एखादं यंत्र रुसलेलं सापडायचं. कुणाची बॅटरी चार्ज घेईना, कुणाचं कोलेट, म्हणजे कापणारं पातं (बिट) धरणारी पकड, गंजून जाम. एकेकाचं कारण शोधत गेलो तेव्हा कळलं की यंत्र मुळातच खराब निघाल्याचं उदाहरण जवळपास नव्हतं. घेताना, वापरताना किंवा ठेवताना आमच्याच हातून काहीतरी चुकलेलं असायचं.

काम न नेमता यंत्र घेणं

"तीन तीन ट्रिमर कशाला?" असं घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. तीन असण्यात चूक नाही. सनमायकाचं काम करणाऱ्या कारागिराकडे पाहा. एका ट्रिमरमध्ये फ्लश बिट (कड सपाट छाटणारा) कायम बसवलेला, दुसऱ्यात गोलाईचा. बिट बदलला की कापाची खोली पुन्हा लावा, रद्दी तुकड्यावर चालवून बघा, पुन्हा अर्धा मिलिमीटर वरखाली करा. हा वेळ वाचवण्यासाठीच दुसरं यंत्र असतं. ड्रिलचंही तसंच: एकावर आधीच्या बारीक भोकाचा बिट, दुसऱ्यावर काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं बसायला खळगा करणारा), तिसऱ्यावर स्क्रू.

चूक होते ती सेल लागला म्हणून घेण्यात. असं यंत्र खोक्यातच राहतं आणि खोक्यातलं यंत्र वापरातल्या यंत्राहून लवकर बिघडतं, हा माझा पक्का अनुभव आहे. नवा राउटर घेण्याआधी तेवढ्याच पैशात कार्बाइडचे, म्हणजे जास्त टिकणाऱ्या धारेचे, चार उत्तम बिट येतात का, ते बघा.

प्रत्येक ड्रिल वेगळ्या कंपनीचं

चार ड्रिल, चार चार्जर आणि एकाची बॅटरी दुसऱ्याला चालत नाही, ही अवस्था बहुतेकांची होते. एकाच कंपनीतही फसगत होऊ शकते. बॉशची निळी व्यावसायिक मालिका आणि हिरवी घरगुती मालिका, दोन्हींत १८ व्होल्टची यंत्रं आहेत, पण एकीची बॅटरी दुसरीत बसत नाही. पहिलं ड्रिल निवडताना आपण खरं तर बॅटरीचं घराणं निवडत असतो. त्या घराण्यात पुढे ट्रिमर, सँडर (घासणारं यंत्र), जिगसॉ (वळणदार कापणारी करवत) मिळतो का, हे तेव्हाच बघायला हवं.

'२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं ड्रिल १८ व्होल्टच्या ड्रिलहून ताकदवान असतं, हाही गैरसमज आहे. लिथियम-आयनच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.६ व्होल्ट. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८. पूर्ण चार्ज झालेला सेल ४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून त्याच पाच सेलना कुणी २० म्हणतं. १०.८ आणि १२ व्होल्टची गोष्ट तशीच, फक्त सेल तीन. खरा फरक बघायचा तो अँपिअर-अवरमध्ये (बॅटरी किती पुरेल तो आकडा) आणि मोटर ब्रशलेस (घासणारे कार्बन नसलेली) आहे की नाही यात.

अमेरिकेहून आलेलं यंत्र थेट प्लगात

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर इथल्या कितीतरी घरांतली मुलं-भाचरं परदेशात आहेत, म्हणून हे वेगळं सांगतो. माझ्या मावसभावाने फार प्रेमाने अमेरिकेहून एक राउटर आणला. त्यावरची व्होल्टची पट्टी न वाचता मी पिन बदलून तो लावला. काही सेकंद भयंकर वेगात फिरला आणि धूर निघाला. तिकडची यंत्रं १२० व्होल्टची, आपला पुरवठा २३० चा. कॉर्डलेस ड्रिल आणलं तरी त्याचा चार्जर बहुधा १२० व्होल्टचाच असतो. आधी पट्टी वाचा आणि गरज असेल तर यंत्राच्या वॅटेजपेक्षा मोठा स्टेप-डाउन (व्होल्ट कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर घ्या.

प्लगावरून आठवलं. १६०० वॅटचा राउटर २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका. १६ अँपिअरचं सॉकेट आणि जाड वायर वापरा आणि वायरचं गुंडाळं पूर्ण उलगडा.

बिट सरकतो, खाच खोल होत जाते

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि सगळ्यात धोक्याचीही हीच. थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे गणपतीचं मखर प्लायचं असतं, एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचं. पहिल्याच वर्षी एक खाच ६ मिमीने सुरू झाली आणि दुसऱ्या टोकाला ९ मिमी भरली. खोलीचा स्क्रू घट्ट होता. सरकला होता तो बिट.

कारण दांडीच्या मापात होतं. बाजारात ६ मिमी आणि पाव इंच, दोन्ही दांड्यांचे बिट शेजारी शेजारी मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. फरक फक्त ०.३५ मिमीचा आणि नट आवळला की ६ मिमीची दांडी पाव इंची कोलेटमध्येही घट्ट बसल्यासारखी वाटते. भार आला की ती सरकते. १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, इथेही तीच गफलत होते. मी आता बिटांच्या डब्याचे दोन कप्पे केले आहेत आणि शंका आली की व्हर्निअर (बारीक माप घेणारं साधन) लावतो.

दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. आपण बिट कोलेटमध्ये तळाला टेकेपर्यंत ढकलतो आणि आवळतो. कोलेट निमुळत्या भोकात आत ओढलं जातं, तेव्हाच ते बिटाला आवळतं. बिट आधीच तळाला टेकलेला असेल तर त्याला आत जायला जागा नसते आणि पकड अर्धीच राहते. म्हणून बिट पूर्ण आत घाला, २-३ मिमी बाहेर घ्या, मग आवळा.

माप आणि पद्धत दोन्ही बरोबर असूनही बिट सरकत असेल तर कोलेट काढून उजेडात धरा. आत डिंकासारखा काळा थर असेल तर बारीक पितळी ब्रशने काढा. कोलेटच्या आत तेल कधीही घालू नका, गंजाच्या भीतीनेसुद्धा नाही. दांडीवर गोल ओरखडे दिसत असतील तर कोलेट झिजलेलं आहे, नवं घ्या.

राउटर उलट्या दिशेने फिरवणं

वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. फळीच्या बाहेरच्या कडेने राउटर न्यायचा तो प्रदक्षिणेच्या उलट. चौकटीच्या आतल्या कडेने न्यायचा तो प्रदक्षिणेच्या दिशेने. ही खूण एकदा डोक्यात बसली की विसरत नाही. दिशा चुकली तर बिट लाकूड कापण्याऐवजी त्यावर चाकासारखा धावतो आणि यंत्र हातातून पळतं. चारही कडा करायच्या असतील तर आडव्या रेषांच्या, म्हणजे टोकांच्या कडा आधी घ्या. तिथे कोपऱ्यावर उडालेला टवका नंतरच्या लांब कडेत साफ निघून जातो.

काळे डाग, जळका वास

यंत्राला दोष देण्याआधी आपल्या हाताचा वेग बघा. राउटर एका जागी रेंगाळला की लाकूड जळतं. दुसरं कारण बोथट बिट. सागवानात सिलिका असते आणि प्लायमधला डिंक कडक असतो, त्यामुळे साध्या हायस्पीड स्टीलची धार लवकर जाते. एका फेरीत फार खोल जाणं हे तिसरं. ६ मिमीच्या बिटाने एका वेळी ३ मिमी पुरे, बाकीचं पुढच्या फेरीत.

मोठ्या बिटाला मात्र वेग कमीच हवा. ६० मिमी व्यासाचा बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरवला तर त्याची कड ताशी २७० किलोमीटरच्या आसपास पळते. एवढा बिट १०,००० ते १२,००० वर आणि टेबलावर बसवलेल्या राउटरमध्येच चालवा. ज्या ट्रिमरला वेग कमी करायची सोयच नाही, त्यात तो घालायचा विचारही नको.

ड्रिल 'टरटर' करतं

बिघाड नाही, क्लच (ठरावीक जोरानंतर बिट फिरवणं थांबवणारा भाग) सुटतोय. चकच्या (बिट धरणाऱ्या जबड्याच्या) मागच्या कड्यावरचा आकडा वाढवा. भोक पाडताना कडं ड्रिलच्या चिन्हावर ठेवा, स्क्रूसाठी लहान आकड्यापासून वर जा. वरचं गिअरचं बटण १ वर असेल तर जोर जास्त, २ वर वेग जास्त. लांब स्क्रू २ वर मारत राहिलात की मोटर तापते आणि वास येतो. हातोडीचं चिन्ह भिंतीसाठी आहे, लाकडात ते कधीच नको.

स्क्रूचं डोकं खरवडलं जात असेल तर बिट नीट पाहा. पीएच-२ (फिलिप्स) आणि पीझेड-२ (पोझिड्राइव्ह) हे दोन चौफुलीचे बिट लांबून सारखेच दिसतात. पीझेडच्या चौफुलीत आणखी चार बारीक रेघा असतात. आणि काळे ड्रायवॉल स्क्रू बिजागरीला वापरू नका, ते कडक पण ठिसूळ असतात, डोकं तुटून येतं. कपाटाच्या बिजागरीचं ३५ मिमीचं भोक पाडायचं ते १ च्या गिअरवर, खोलीची खूण करून. १८ मिमीच्या दारात भोक साधारण १२ मिमी खोल जातं, म्हणजे पलीकडे जेमतेम ६ मिमी उरतात.

पावसाळा आणि बॅटरी

खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांची ओल. यंत्राबरोबर आलेली खोकी आतून स्पंजची असतील तर तो स्पंजच ओल धरून ठेवतो. मी यंत्रं झाकणाच्या घट्ट डब्यांत सिलिका जेलबरोबर ठेवतो आणि महिन्यातून एकदा प्रत्येक यंत्र दोन मिनिटं चालवतो. रात्री १० नंतर नाही आणि दुपारी सोसायटी झोपलेली असते तेव्हाही नाही.

बॅटरी पूर्ण रिकामी करून माळ्यावर टाकणं ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. सेल ठरावीक पातळीच्या खाली गेले की चार्जर त्यांना हात लावत नाही, नुसता दिवा लुकलुकतो. अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या कपाटात ठेवा, दोन महिन्यांनी बघा. एप्रिल-मे मधल्या दुपारी बंद ड्राय बाल्कनीत चार्जिंगला लावू नका. कामावरून तापलेली बॅटरी आधी निवू द्या.

मेलेली बॅटरी दुसऱ्या बॅटरीला वायरने जोडून 'उठवायचा' उपाय लोक सांगतात. कृपा करून तो करू नका, आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा आणि विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात नको.

'जळलं' म्हणून टाकून देणं

वायरवाला ट्रिमर अडखळत चालतो, आत मोठ्या ठिणग्या दिसतात, मग एक दिवस बंद पडतो. आधी त्याचे कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे घासते तुकडे, बघा. बऱ्याच यंत्रांत दोन्ही बाजूंना स्क्रूच्या टोप्या असतात, प्लग काढून त्या उघडा. कार्बन ५-६ मिमीहून आखूड झाला असेल तर दोन्ही एकदम बदला, एकच नको. जुना नमुना सोबत न्या. मला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बरोबर मापाचे मिळाले. बसवल्यावर काही मिनिटं भाराशिवाय चालवा, म्हणजे नवे कार्बन मोटरच्या गोलाईवर बसतात. माझा तिसरा ट्रिमर असा दोन वर्षं मेलेला समजून पडून होता. आता त्यावर कायम फ्लश बिट असतो आणि सनमायकाच्या कडा तोच करतो.