पत्र्याची कात्री घेताना दुकानातच काय तपासायचं

पन्हळ बसवायची असो, कूलरचा ट्रे बदलायचा असो की छपराच्या पत्र्याला कोपरा काढायचा असो, कात्री भिकार असली की काम दुप्पट होतं आणि बोटं सोलवटतात ती वेगळीच. तरी सल्ला मिळतो तो ठरलेला: “जड बघून घ्या” किंवा “महागातली घ्या.” दोन्ही कामाचे नाहीत. वजन दांड्यातही भरता येतं, कापतं ते पातं.

आधी पत्रा ठरवा. गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. चांगल्या हातकात्रीची मर्यादा साधारण 18 गेज साध्या लोखंडी पत्र्याची, म्हणजे सुमारे 1.2 मिमी. स्टेनलेस स्टील असेल तर तीच कात्री 22 गेजवर, म्हणजे 0.7 मिमीच्या आसपास थांबते. स्टेनलेस चिवट असतं. “जोर लावला की कापतं” म्हणणाऱ्याचं ऐकून जाड स्टील घातलंत, तर पाती एकमेकांपासून फाकतात आणि पुढे पातळ पत्राही नीट कापत नाहीत.

मग प्रकार. लांब सरळ कापासाठी जुन्या घाटाचा, लांब पात्यांचा टिन कटर पुरे, 10 किंवा 12 इंची. वळणासाठी दुहेरी सांध्याची, आखूड तोंडाची एव्हिएशन कात्री घ्यावी. कमी जोरात कापते आणि स्प्रिंगमुळे आपोआप उघडते. तिच्या मुठीच्या रंगांना अर्थ आहे: लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. लाल डावखुऱ्यांसाठी असते, हे काउंटरवरून खुशाल सांगितलं जातं आणि ते साफ चूक आहे. रंग कापाची दिशा सांगतो, हाताची नाही. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल कापायचा तर हिरवी, उलट दिशेने तर लाल. लाल आणि हिरवी दोन्ही सरळही कापतात, म्हणून माझं मत पक्कं आहे: पैसे दोघींवर घाला, पिवळी सगळ्यात शेवटी.

आता मुद्द्याचं काम: पाती तपासणं. इथेच बहुतेक लोक फसतात. मलाही हे कुणी बसवून शिकवलं नाही, हाताला कळायला फार वेळ लागला. कात्री पत्रा कापते ती धारेइतकीच दोन पात्यांच्या घट्ट भेटीमुळे. पात्यांमध्ये फट असली की पत्रा कापला न जाता त्या फटीत दुमडतो आणि कात्री अडकते. मग माणूस म्हणतो धार गेली. धार असते हो, फट असते!

म्हणून दुकानात जाताना खिशात दोन तुकडे ठेवा: ज्यावर काम करणार त्याच गेजचा पत्रा, आणि वर्तमानपत्राचा कागद. कात्री अर्धवट मिटून पाती आडवी हलवून बघा. खडखड आली तर बाजूला ठेवा. मग ती उजेडासमोर धरून सावकाश मिटा. पात्यांचा स्पर्शबिंदू बुडापासून टोकापर्यंत न तुटता सरकत गेला पाहिजे. मधेच उजेड दिसला तर तिथे पत्रा दुमडणार, धरून चाला. आता फक्त टोकाने कागद कापा. टोकाशी कागद चिमटला गेला आणि कापला नाही, तर कोपऱ्याच्या कामाला ती कात्री निरुपयोगी.

यावर दुकानदार पाना काढून म्हणेल, “नट आवळतो, होईल सरळ.” आवळू द्या. आवळल्यावर चाल सगळीकडे सारखी राहिली आणि कागद टोकापर्यंत कापला गेला, तर कात्री चांगली. पण एका जागी जाम आणि दुसऱ्या जागी सैल झाली, तर पातंच पिळलेलं आहे. ते कुठल्याही नटाने सुधारत नाही. भिडेखातर घेऊ नका.

शेवटी पत्रा कापा, हातमोजे घालून. तोंड कधीच पूर्ण मिटायचं नाही. टोक मिटलं की तिथे खाच पडते आणि कडेला काटा उरतो. थोडं तोंड उघडं ठेवून पुढे सरका. कापलेल्या कडेवरून सुती चिंधी फिरवा. धागे अडकले तर बर, म्हणजे कडेवरचे बारीक काटे, येते आहे, म्हणजे फट आहे. सलग सरकली तर पैसे द्या. दातेरी पात्याच्या कडेवर बारीक ठसे दिसतील, तो दोष नव्हे. दाते घसरत्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याला धरून ठेवतात. तांबं-पितळेच्या दर्शनी कामाला मात्र साधं पातंच हवं.

मूठ तुमच्या हातात पूर्ण मावते ना, आणि कात्री मिटलेली ठेवणारी कडी अंगठ्याने लागते ना, एवढं बघा.

ब्रँडबद्दल: टपारियाचा कारखाना आपल्या नाशकातच आहे आणि त्यांचा टिन कटर सहज मिळतो, एव्हिएशन प्रकारात स्टॅनली मिळते. पात्यावर फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) किंवा क्रोम व्हॅनेडियम (मिश्र पोलाद) लिहिलेलं असणं चांगलंच. तरी एकाच खोक्यातल्या दोन कात्र्या सारख्या निघत नाहीत. रविवार कारंज्याला घ्या की सातपूर-अंबडला, चार कात्र्या काढायला लावा आणि वरची चाचणी प्रत्येकीवर करा. चाचणी करू न देणाऱ्या दुकानात थांबू नका.

घरी आणल्यावर तार, खिळा, सळई तिच्यात घालू नका. एका खिळ्याने धारेला खाच पडते आणि ती प्रत्येक कापात उमटते. पावसाळ्यात सांध्यात तेलाचा थेंब सोडा. साध्या पात्याला धार लावायची वेळ आली, तर फक्त उताराच्या बाजूवर कानस फिरवा. आतला सपाट चेहरा घासला की पात्यांत फट पडते. दातेरी पात्याला घरी कानस लावूच नका.