काल्पनिक देशासाठी स्वस्तातलं टेहळणी विमान कसं बनवायचं

खारवण हा माझा देश. म्हणजे कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानावर काढलेला, सात बेटं, सहा लाख माणसं, नारळ-सुपारी-मासे आणि बाजूला एक कायम खुसपट काढणारा मोठा शेजारी. त्याच्यासाठी मी पहिलं टेहळणी विमान बनवलं ते जेट होतं, वर स्टेल्थ म्हणजे रडारला सहज न दिसणारं, पोटात आठ मिसाईल, फुल माज. एका मित्राने नकाशा बघितला आणि एवढंच विचारलं, हे उतरणार कुठे? माझ्या सगळ्यात मोठ्या बेटावरचा रनवे मीच ९०० मीटरचा लिहून ठेवला होता. संपला विषय.

तर पहिली गोष्ट, विमान नंतर काढा, आधी नकाशा काढा आणि तिजोरी उघडून बघा. देशाला नक्की काय बघायचंय? पाणबुड्या शोधायच्या असतील तर हे वाचणं इथेच सोडा, ते गरिबाचं काम नाही. भारतीय नौदलाने २००९ साली पाणबुड्या शोधणारी आठ पी-८आय विमानं घेतली ती साधारण २.१ अब्ज डॉलरला, म्हणजे एक विमान २६ कोटी डॉलरच्या घरात. तेवढ्यात खारवण अख्खा विकत येईल. छोट्या देशाची खरी डोकेदुखी वेगळीच असते, रात्री हद्दीत घुसणारे परके ट्रॉलर, डिझेलची तस्करी, आणि पावसाळ्यात इंजिन बंद पडून भरकटलेली होडी. आपल्याकडे मालवण-देवगडच्या पट्ट्यात बाहेरच्या ट्रॉलरवरून काय राडे होतात ते माहितीच आहे, तेच तुमच्या देशात आणा, लोकांना लगेच पटतं. आणि छोट्या देशाचा समुद्र छोटा नसतो हं. सेशल्स बघा, जमीन साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि समुद्री हद्द १३ लाख चौरस किलोमीटरच्या वर!

आता थोडं गणित, घाबरू नका, आठवीचं आहे. विमान जितके मीटर उंच त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३.५७ ने गुणायचं, तेवढे किलोमीटर लांब क्षितिज दिसतं, रडारसाठी ४.१२ धरा कारण त्याच्या लहरी किंचित वाकतात. १०० मीटरवरून ३६ किलोमीटर, ९०० मीटरवरून १०७. म्हणजे उंची नऊपट केली तर नजर फक्त तिप्पट, त्यामुळे दहा-बारा हजार मीटरवर जाणारं महागडं जेट आपल्याला लागतच नाही. पण क्षितिज दिसलं म्हणजे होडी दिसली असं नाही, लाकडी होडी लाटांच्या गोंधळात रडारला सापडायला त्रास देते, म्हणून मी दोन्ही बाजूला ३५-३५ किलोमीटरच धरतो. ७० किलोमीटरचा पट्टा, ताशी ३०० चा वेग, म्हणजे तासाला २१,००० चौरस किलोमीटर झाडून निघतात. विमान सहा तास उडतं समजा, गस्तीची जागा २०० किलोमीटर लांब तर जायला-यायला ८० मिनिटं गेली, ४५ मिनिटांचं इंधन हात न लावता ठेवायचं, उरले चार तासांना थोडे कमी. माझा समुद्र दीड लाख चौरस किलोमीटर आहे, दिवसाला दोन फेऱ्यांत अख्खा बघून होतो. हे असं कागदावर केलं ना की वेग वाढवण्याची खाज आपोआप जाते, वेगापेक्षा हवेत किती तास थांबतो ते महत्त्वाचं.

मग विमान कुठलं? नवीन बनवू नका!! सहा लाखांचा देश विमानाचा कारखाना चालवतोय हे कुणालाच खरं वाटणार नाही. आधीपासून उडणारं, जगभर सुटे भाग मिळणारं छोटं प्रवासी विमान घ्या आणि त्यात सामान बसवा. आपलं कोस्ट गार्ड डॉर्नियर २२८ वापरतं ते याच जातीचं, एचएएल या सरकारी विमान कंपनीने कानपूरला बनवलेलं, दोन टर्बोप्रॉप इंजिनं (जेट फ्युएलवर चालून पुढचा पंखा फिरवणारी), पंख वरती. पंख वरती असणं ही चैन नाही, खिडकीतून सरळ खाली बघता येतं, पंख मध्ये येत नाही, शिवाय कच्च्या पट्टीवर पंख्याला खडी लागत नाही. एका इंजिनाचं सेस्ना कॅराव्हॅन अजून स्वस्त पडतं, इराकच्या हवाईदलाने त्याला कॅमेरा आणि हेलफायर मिसाईल लावून वापरलं, पण ते जमिनीवर उडताना, समुद्रावर नाही. उघड्या समुद्रावर, किनारा २०० किलोमीटर लांब, रात्र, आणि एकच इंजिन... मी तरी नाही बसणार. पेट्रोलवरची पिस्टन इंजिनं विकत घ्यायला स्वस्त असतात पण विमानाचं पेट्रोल लांबच्या बेटावर मिळवताना नाकी नऊ येतात, जेट फ्युएल कुठेही मिळतं. टर्बोप्रॉपच घ्या.

जुनं विमान वापरलं तरी लाज नाही. इंग्रज जाताना कानपूरला लिबरेटर बॉम्बर मोडतोड करून टाकून गेले होते, एचएएलने त्यातली चाळीसेक दुरुस्त करून बंगळूरला नेली आणि हवाईदलाने ती १९६८ पर्यंत उडवली, पुण्यातून समुद्रावर टेहळणीलासुद्धा. नंतर एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी विमानं त्याच कामाला लागली, पुढे १९७६ मध्ये नौदलाकडे गेली. त्यातलं एक गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाच्या म्युझियममध्ये उभं आहे, तीन शेपट्यांचं, कधी गेलात तर बघा. मी त्याच्या सावलीत अर्धा तास बसून खारवणच्या हवाईदलाचा इतिहास बदलला, आता त्यांचं पहिलं विमान भंगारातून आलेलं आहे.

खरा पैसा सामानात जातो, विमान म्हणजे नुसता टेम्पो. पोटाखाली चारी बाजूंना फिरणारं रडार, नाकाखाली गोळ्यातला दिवस-रात्र चालणारा कॅमेरा (उष्णता दिसते, त्यामुळे इंजिन चालू आहे की होडी मेलेली आहे तेही कळतं), आणि एआयएसचा रिसीव्हर. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० टनांवरच्या जहाजांना आपलं नाव, जागा, वेग सतत सांगत राहावं लागतं, ते हा पकडतो. मग ऑपरेटर काय करतो, रडारवरचे ठिपके आणि एआयएसची नावं एकावर एक ठेवतो, आणि ज्या ठिपक्याला नाव नाही त्याच्याकडे कॅमेरा वळवतो. आता छोट्या मच्छीमार बोटींना हा नियमच नाही, त्यामुळे बिननावाचे ठिपके शेकड्याने असतात आणि तिथेच माणसाचं डोकं लागतं. २६/११ ला ज्या 'कुबेर'वरून ते दहा जण आले ती साधी मासेमारीची बोटच होती. तुमच्या कथेतला खलनायक हुशार असेल तर तोही तेच करेल, एआयएस बंद करेल आणि मासेमारांच्या गर्दीत शिरेल.

विमानं किती? एक घेतलं तर शून्य धरा. एक उडतंय, एक तयार, एक हँगरमध्ये उघडून ठेवलेलं, म्हणजे कमीत कमी तीन, आणि तीनमध्ये चोवीस तास पहारा होत नाही हेही मान्य करा. चार-चार तासांच्या सहा फेऱ्या लागतील रोज, तेवढे पायलटच नाहीत. प्रत्येक विमानात दोन पायलट, दोन ऑपरेटर, खिडकीशी एक दुर्बीणवाला. ऑपरेटरचे डोळे तासाभरात थकतात, म्हणून मी दुर्बीणवाल्याची आणि त्याची जागा अदलाबदल करायचा नियम ठेवलाय. उतरल्यावर गोड्या पाण्याने विमान धुवायचं, इंजिनसुद्धा, खारी हवा सगळं खाऊन टाकते. बेटावर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तर घ्या, तुम्हाला भांडणाचा एक प्रसंग फुकट मिळाला, गावाला टँकर की विमानाला?

हत्यारं लावू नका. मागच्या दारातून खाली टाकायचा रबरी तराफा आणि धुराची नळकांडी ठेवा, बास. शेजाऱ्याला ओरडायला कारणही मिळत नाही आणि पैसेही वाचतात.

एक राहिलंच, माझ्या तिसऱ्या ड्रॉइंगपर्यंत टॉयलेट नव्हतं. सहा तास, पाच माणसं, थर्मासभर चहा. आता शेपटीकडे पडद्यामागे एक बसवलंय, त्यासाठी तराफा अर्धा मीटर पुढे सरकवावा लागला आणि वजनाचा तोल परत पहिल्यापासून मोजावा लागला.