घरात एकाला उलट्या लागल्या तर बाकीच्यांना कसं जपायचं

आमच्या खानापूर भागात पावसाने जोर धरला की विहिरींना गढूळ पाणी येतं आणि घरोघरी उलट्या-जुलाब सुरू होतात. ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून लोक मोकळे होतात. अहो, बाहेरचं एकानेच खाल्लेलं असतं! मागचे चौघे आजारी पडतात ते घरातच.

पाणी खळखळ उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या, झाकून ठेवा, ओगराळ्यानेच काढा. तुरटीने गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाहीत. साध्या कँडल फिल्टरमधूनही ते आरपार जातात.

आजाऱ्याला ओआरएस घोट घोट पाजत राहा. मूल सुस्त पडलं, लघवी थांबली, तर थेट दवाखाना गाठा.

आता उलटी पुसण्याचं. इथे मी चुकले होते. जत्रेचं जेवून आलेला धाकटा रात्री सोप्यातच ओकला. मी पाणी ओतून केरसुणीने सगळं लोटलं, फिनेल शिंपडलं, हात नुसते विसळून पदराला पुसले आणि सकाळी भाकरीचं पीठ मळायला बसले. दोन दिवसांत सासूबाई, थोरली आणि मी, तिघीही अंथरुणात. उलट्या-जुलाबाचा विषाणू, नोरोव्हायरस, असाच पसरतो. त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी १२ ते ४८ तासांत माणूस आडवा होतो. उलटीचे डोळ्यांना न दिसणारे शिंतोडे लांबवर उडतात, आणि केरसुणी ते घरभर नेते. म्हणून केरसुणी नकोच.

मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. नाका-तोंडाला फडकं बांधा, हातात मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घाला. उलटीवर जुनी वर्तमानपत्रं टाका, भिजली की कडेकडून आत गोळा करून पिशवीत बांधा. मग एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी फरशीवर ओता. डाग दिसतो त्याच्या चारही बाजूंना दोन-तीन हात ओता आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाई करून लगेच पुसलंत तर सगळी मेहनत वाया. डबा उघडा राहून वास उडालेली पावडर वापरू नका. आणि संडासाचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. फिनेलच्या वासाला तर भुलूच नका.

हात साबणाने, नखांच्या फटींसकट, २० सेकंद चोळून धुवा. सॅनिटायझरवर इथे भिस्त ठेवू नका. कपडे न झटकता वेगळे, गरम पाण्यात.

उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास त्या माणसाने चुलीपाशी जायचं नाही. सासूबाई बऱ्या झाल्या त्याच दिवशी परात घेऊन बसल्या होत्या. ‘आत्या, परवा,’ म्हणत मी परात काढून घेतली. दिवसभर रुसल्या, पण दिली नाही.