मर्लिन, ई-बर्ड वापरताय? मग या चुका टाळा

पक्षीनिरीक्षकांना आज फुकटात मिळणारी साधने खरोखर उत्तम आहेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे मर्लिन ॲप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. तिथलेच, २००२ मध्ये सुरू झालेले ई-बर्ड आज जगभरच्या पक्ष्यांच्या नोंदी सांभाळते. पण ती वापरताना आपल्याकडे काही चुका सर्रास होतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मर्लिनवर डोळे मिटून विश्वास ठेवल्याने. कर्नाळ्याला फोनवर ‘शिक्रा’ या शिकारी पक्ष्याचे नाव उमटते आणि मंडळी लगेच यादीत टाकतात. वर फांदीवर बसलेला असतो भृंगराज: काळाभोर, डोक्यावर तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके. इतर पक्ष्यांच्या नकला करण्यात हा पटाईत, शिकारी पक्ष्यांच्याही. शेजारच्याने मोबाइलवर वाजवलेला आवाजसुद्धा मर्लिनला खराच वाटतो. म्हणून नाव उमटले की दुर्बीण उचला. पक्षी दिसला नाही आणि आवाज तुम्हाला स्वतःला ओळखता येत नसेल, तर ते नाव सोडून द्या.

जंगलात मर्लिन चालतच नाही, अशीही तक्रार असते. बहुतेक वेळा भारताचा पॅक (इथल्या पक्ष्यांच्या माहितीचा संच) उतरवलेला नसतो; तो घरीच वायफायवर घ्या. मायक्रोफोनची परवानगी तपासा. रेकॉर्डिंग चालू असताना फोन खिशात ठेवू नका आणि गप्पा थांबवा.

ई-बर्डवर यादी पाठवताना ‘ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का?’ असे विचारतात. नवरंग आणि स्वर्गीय नर्तक एवढेच लिहून ‘हो’ म्हणू नका. कावळे, साळुंक्या, पारवेही लिहा, आणि अंदाजे का होईना, संख्या द्या. कोणता पक्षी किती याद्यांमध्ये सापडतो, यावरून त्याची वाढ-घट काढली जाते. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे २०२० आणि २०२३ चे अहवाल अशाच नोंदींवर उभे आहेत. तुम्ही चिमणी गाळलीत, तर त्या यादीपुरती ती तिथे नव्हतीच असे धरले जाते.

पुण्याहून निघून कवडीपाट आणि मग भिगवण, अशा दिवसभराची एकच यादी करणे ही दुसरी मोठी चूक. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) कवडीपाटच्या नावावर चढतात. जागा बदलली की नवी यादी सुरू करा. रात्री घरी बसून नोंद करताना सकाळचे साडेसहा संध्याकाळचे होत नाहीत ना, तेही बघा.

नोंदीबद्दल विचारणा आली तर रागावू नका. तपासणारे स्वयंसेवक असतात; फोटो किंवा दोन ओळींचे वर्णन दिले की बहुधा काम होते. पर्ण वटवट्यांमधला नेमका कोणता ते कळले नाही, तर नुसते ‘पर्ण वटवट्या’ असेही नोंदवता येते.

आणि हे मनापासून सांगते: झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरचे आवाज घरी ऐका, रानात वाजवू नका. पावसाळ्यात नवरंगाची वीण चालू असते. फोनवर त्याचा आवाज वाजला की हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो घरटे सोडून धावतो, ओरडत राहतो, पिलांना भरवायचा वेळ त्यात जातो. घरट्याचा फोटो लोकेशनसह ग्रुपवर टाकू नका. माळढोकसारख्या संकटग्रस्त पक्ष्यांची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःच लपवते; तीच जागा व्हॉट्सॲपवर कुणी विचारली तरी देऊ नका.