कल्याण ते नाणेघाट, गाडीने एका दिवसात

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल ज्या वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा ती नाणेघाटाची वाट आजही पायवाटच आहे, गाडी तिथून चढत नाही, माळशेजचा वळसा घ्यावाच लागतो. त्यामुळे घाट आधी खालून बघायचा आणि संध्याकाळी वरून, असा प्लॅन करा.

सहाच्या आत कल्याण सोडा. मुरबाड, टोकावडे करत वैशाखऱ्याला आलात की दहा मिनिटं गाडी बाजूला लावा आणि नानाचा अंगठा, म्हणजे अंगठ्यासारखा दिसणारा कडा, शोधा, त्याच्याच बाजूच्या खिंडीतून बैल माल घेऊन चढायचे, बघूनच दम लागतो! माळशेजमध्ये पावसाळ्यात धुकं आणि दरडी असतात, कड्याखाली सेल्फीसाठी थांबू नका.

घाट चढून जुन्नरकडे वळा आणि पहिलं लेण्याद्री करा, ऊन चढायच्या आत, कारण तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बहुतेक लोक गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन खाली उतरतात, पण गणपती ७ नंबरच्या लेण्यात आहे आणि शेजारचं ६ नंबरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, चुकवू नका, ते कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा) मुलगा सुलसदत्त याने दान दिलंय असं तिथल्या ब्राह्मी लेखात आहे. म्हणजे तुम्ही सकाळी निघालात तिथलाच माणूस की!

जेवण आणि पेट्रोल जुन्नरातच उरका. मग आपटाळे, चावंड, घाटघर. वर पोचल्यावर आधी जकातीचा दगडी रांजण लागतो, मग खिंडीतून थोडं खाली उतरलं की डोंगरात खोदलेली गुहा, तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख, त्यात यज्ञांना दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं (तेव्हाची नाणी) यांचे आकडे कोरलेत, भारतातल्या फार जुन्या अंकांपैकी आहेत ते. अक्षरं झिजलीत, टॉर्च तिरका धरा म्हणजे दिसतात, हात आणि खडू मात्र लावू नका. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, आता पायांचे अवशेष आणि वर नावं एवढंच उरलंय.

शेवटी अंगठ्यावर जा, खाली सकाळचा वैशाखऱ्याचा रस्ता दिसतो. कडेला जाऊ नका, पावसाळ्यात वारा इतका की धबधब्याचं पाणी उलटं वर येतं. आणि अंधारात परत माळशेज उतरण्यापेक्षा जुन्नरला मुक्काम टाका, सकाळी शिवनेरी पण होतो.