पळस, करडई आणि माळवदावरचे वाळवण : वसंतातील तैलचित्र कसे रंगवावे

माघ सरता सरता मराठवाड्यातले माळ वाळून पांढुरके होतात आणि त्याच सुमारास पाने झडलेल्या पळसाला फूल येते. तैलरंगात काम करू इच्छिणाऱ्याने या दिवसांत विषयासाठी दूर जाण्याची गरज नाही. गावाबाहेरचा एक पळस, करडईचे एक शेत आणि माळवदावर पसरलेले वाळवण एवढे दोन महिन्यांच्या कामाला पुरते. मात्र तैलरंग हे संथ माध्यम आहे आणि फुलांचा बहर झपाट्याने ओसरतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिला आठवडा : फक्त वही आणि पेन्सिल

सुरुवातीचे आठ दिवस रंगांच्या ट्यूब उघडूच नयेत. रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचे एकच झाड निवडावे आणि सकाळी सात ते नऊच्या दरम्यान तेथे जावे, कारण दहानंतर ऊन डोक्यावर येऊ लागते, सावल्या आखडतात आणि फुलांची गोलाई दिसेनाशी होते. दुरून पेटल्यासारखा वाटणारा पळस जवळून वेगळाच असतो. फुलाचा देठाकडचा पेला काळपट तपकिरी आणि मखमली असतो, पाकळ्यांच्या बाहेरच्या अंगावर बारीक रुपेरी लव असते आणि त्यांचा बाक थेट पोपटाच्या चोचीचा असतो. ‘हा पोपट तर नव्हे?’ अशा अर्थाचे किंशुक हे संस्कृत नाव त्यावरूनच आले, असे मानतात. तो काळा पेला आणि ती लव चित्रात उतरली नाही, तर झाडाच्या जागी नारिंगी ठिपक्यांचा ढीग उरतो. नवशिक्यांच्या चित्रांत हा दोष मला सर्वाधिक दिसतो आणि त्याचे मूळ हाताच्या कच्चेपणापेक्षा घाईने पाहण्यात असते.

वहीत रंग शब्दांनी टिपावेत : आकाश निळे की धुळकट, बुंध्याची सावली तपकिरी की जांभळट. त्याबरोबरच झाडाखालून कोण जाते, हेही लिहून ठेवावे. कडब्याच्या पेंढ्या लादलेली बैलगाडी, शेळ्या राखणारा मुलगा, होळीच्या रंगासाठी फुले वेचणारी पोरे यांपैकी एखादी नोंद पुढे अख्ख्या चित्राचा आधार ठरते. आठ दिवसांनंतरही जे दृश्य मनातून जात नाही, तेच रंगवायला घ्यावे.

साहित्य, आणि आपल्या शेतातले तेल

टायटेनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, परमनंट अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट अंबर हे सात रंग पुरेसे आहेत. बाहेर काम करण्यासाठी 9 × 12 इंचांचा कॅनव्हास सोयीचा असतो. कापड कच्चे असेल, तर आधी त्यावर गेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन थर द्यावेत. तेल थेट सुतात मुरले, तर कापड कालांतराने कुजते.

दुकानात लिनसीड ऑइल म्हणून मिळणारे तेल म्हणजे जवसाचे तेल, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच बियांच्या तेलात जगभरातील चित्रकारांनी शतकानुशतके रंग खलले. करडईचे तेलही या कामी येते. ते जवसाच्या तेलापेक्षा कमी पिवळे पडते, म्हणून काही पांढरे आणि फिकट रंग त्यात तयार केले जातात, पण ते उशिरा वाळते आणि म्हणून खालच्या थरात वापरू नये. रब्बीच्या शिवारातून जाताना ही दोन्ही पिके आपल्या पॅलेटवरही आहेत, ही जाणीव मला दरवर्षी नव्याने आनंद देते. मात्र स्वयंपाकघरातील तेल रंगात मिसळू नये. ते चित्रकलेसाठी शुद्ध केलेले नसते आणि त्यामुळे थर महिनोन्महिने चिकट राहू शकतो.

रंगवण्याचा क्रम

प्रथम बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मोठ्या फ्लॅट ब्रशने फक्त उजेड आणि सावली यांची मांडणी करावी. एका बैठकीला दीड तासाहून अधिक वेळ देऊ नये, कारण तेवढ्यात सावल्या सरकलेल्या असतात. उरलेले काम दुसऱ्या दिवशी त्याच वेळी करावे. दुसऱ्या थरात आकाश, गवत आणि जमीन घ्यावी. फाल्गुनातले आकाश क्षितिजाजवळ निळे नसते. पांढऱ्यात किंचित ऑकर आणि जेमतेम अल्ट्रामरिन मिसळले की तो धुळकट रंग मिळतो. काळी मातीही काळ्या रंगाने रंगवू नये. अंबर आणि अल्ट्रामरिनच्या मिश्रणात थोडा पांढरा घातला, तर उन्हात तापलेल्या, भेगाळलेल्या रानाचा करडा रंग साधतो.

फुले सर्वांत शेवटी घ्यावीत. उजेडातील पाकळीसाठी कॅडमियम रेडमध्ये यलो मिसळावा; पांढरा मिसळल्यास तोच रंग फिका आणि गुलाबीकडे झुकलेला होतो. सावलीतल्या पाकळीसाठी अलिझरिन आणि चिमूटभर अल्ट्रामरिन पुरते. पांढरा फक्त पाकळीच्या बाहेरील रुपेरी लवेपुरता राखून ठेवावा. ब्रश रंगाने भरून घ्यावा, एकच फटकारा द्यावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. भोवतालचे करडे रंग जितके शांत असतील, तितका पळस उजळतो.

येथे तैलरंगाचा एक नियम काटेकोरपणे पाळावा : खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक असावे. तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होते. तेलकट थर खाली असला, तर वरचा आधी कडक होतो आणि मग तडकतो. माझ्या सुरुवातीच्या एका करडईच्या चित्राला दुसऱ्या उन्हाळ्यात अशाच भेगा पडल्या.

करडई रंगवताना सर्व फुलांना एकच पिवळा देऊ नये. फूल उमलताना पिवळे असते आणि सुकताना केशरी-तांबडे होते, त्यामुळे एकाच झाडावर त्याच्या वयाच्या साऱ्या छटा दिसतात.

वाळवण : पांढऱ्यावर पांढरे

फुलांइतकाच किंवा माझ्या मते त्याहूनही समृद्ध विषय घरात असतो. माळवदावर धोतर अंथरून घातलेल्या कुरडया, शेजारी पापडांची चळत, सावलीत काठी घेऊन कावळे हाकलणारी आजी. येथे बहुतेक सारे पांढरे असते आणि शुद्ध पांढरा जवळजवळ कोठेच नसतो. धोतराचा उन्हातला भाग किंचित पिवळसर, कुरडईखालची सावली निळसर जांभळी आणि अर्धवट वाळलेल्या कुरडईतून आरपार येणारा उजेड मधासारखा असतो. हे तीन पांढरे आधी पॅलेटवर वेगवेगळे मिसळून ठेवावेत आणि मगच ब्रश कॅनव्हासला लावावा. काम करणाऱ्या बाईला बसवून ठेवू नये. परवानगी घेऊन बाजूला उभे राहावे. सोऱ्या दाबताना तिच्या खांद्याची तीच हालचाल पुनःपुन्हा होते आणि पाचव्या-सहाव्या खेपेला ती रेषेत पकडता येते.

फूल आणि माणूस एकत्र कसे मांडावेत, यासाठी अजिंठ्याला एक दिवस द्यावा. तेथील रंग तैलरंग नाहीत, ते वाळलेल्या गिलाव्यावरचे आहेत, परंतु छतांवरील कमळे आणि भिंतींवरील माणसांची गर्दी एकमेकांना झाकत नाहीत. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून या चित्रांच्या मोठ्या प्रती तैलरंगातच केल्या होत्या. त्यांतील बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या.

चिंध्या आणि वाळणे

जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेल्या कापडात ती साचून ठिणगीविना आग लागू शकते. चैत्रातल्या चाळीस अंशांच्या उन्हात हा धोका अधिकच वाढतो. चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात.

चित्र हाताला कोरडे लागले, तरी आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागते. ते अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवू नये, कारण जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. थेट ऊन लागणार नाही अशा उजेडाच्या भिंतीवर ते टांगावे. पावसाळ्यात दमट हवेने कॅनव्हास सैलावतो, तेव्हा मागून बुरशी आली नाही ना, हे अधूनमधून पाहावे. फाल्गुनात पुरे झालेल्या चित्राला व्हार्निशचा हात पुढचा पळस फुलेल तेव्हा द्यावा.